चिवड्याच्या पुड्याचा कागद

माझ्याकडे आलेलं एक पत्र असं आहे:

‘नमस्कार ताई. मी काटोल तालुक्यातला. फौजेत चौदा वर्षं झाली, हवालदार आहे. सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमध्ये आहे. चार महिने झाले, आठ बाकी. ड्यूटी संपली की जेवण अन् मग फोन. नेट चाललं तर रील पाहतो, नाही चाललं तर आधी पाहिलेलेच पुन्हा पाहून राहिलो. डोकं भणभणते. शाळेत वाचायची आवड होती, आता चार पानं झाली की डोळे मिटतात. इथल्या मनोरंजन कक्षात पुस्तकं आहेत, पण जाडजूड इंग्रजी, आधीचे लोक सोडून गेलेली. बायको नागपूरला मानेवाड्याला राहते, मुलगी चौथीत आहे. बायकोनं दोन पुस्तकं पाठवली, एक स्पर्धा परीक्षेचं आणि एक यशस्वी कसं व्हायचं त्याचं. दोन्ही उशाखाली आहेत. चांगलं वाचायला काय आणू, कुठून आणू? माझं वाचन फार नाही, हसू नका.’

भाऊ, तुमच्या वाचनाला हसले नाही. ‘दोन्ही उशाखाली आहेत’ याला मात्र हसले. नागपूरच्या एका वाचनालयात पस्तीस वर्षं काढली मी. लोक पुस्तकांचं काय काय करतात ते पाहिलंय. माठावर झाकण म्हणून ठेवतात, खाटेच्या पायाखाली सारतात, लग्नाच्या पत्रिका त्यात दाबून ठेवतात. उशी म्हणजे बरीच मानाची जागा झाली. तुम्ही कुठं आहात त्या गावाचं नाव पत्रात होतं. ते मी इथं गाळलं आहे. यापुढे तुम्हीही लिहू नका.

आता माझी एक फजिती सांगते. माझा धाकटा भाऊ फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात, होता. आपली शांतिसेना 1987 ते 1990 श्रीलंकेत होती, तेव्हा तोही तिकडे होता. मी नोकरीला नवी होते आणि जगातली सगळी थोर पुस्तकं मीच शोधून काढली आहेत अशा थाटात वावरत होते. दर महिन्याला त्याला एक कादंबरी पाठवायची. चांगली चारशे-पाचशे पानांची, पुरस्कार मिळालेली, दुःखानं भरलेली. सोबत आईचा चिवडा आणि शंकरपाळे. वर्षानं तो सुट्टीवर आला तेव्हा काळ्या ट्रंकेतून सगळ्या कादंबऱ्या जशाच्या तशा निघाल्या. एकीचं तर वेष्टनही निघालं नव्हतं. मी चिडले. म्हटलं, मग वर्षभर वाचलंस काय?

तो म्हणाला, ‘चिवड्याचा कागद.’

आई नागपूरच्या वर्तमानपत्राच्या रद्दीत पुडे बांधायची. तेलाचे डाग पडलेला तो कागद हा सरळ करून वाचायचा. मग पलीकडच्या खाटेवरचा साताऱ्याचा गडी वाचायचा, मग आणखी कुणी. सीताबर्डीवरच्या टॉकीजला कोणता सिनेमा लागलाय, संत्र्याचा भाव काय, महाल भागातल्या कुठल्या मंडळाची सभा उधळली, कुणाच्या तेरवीची सूचना, महापालिकेच्या निविदा. सगळं तीन महिन्यांचं शिळं. निविदासुद्धा वाचल्या म्हणाला, दोनदा.

मला ते फार लागलं. मग दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. रद्दी मीच निवडू लागले. रविवारच्या पुरवणीतली गोष्ट असली की तिचा अर्धा भाग चिवड्याला आणि उरलेला अर्धा शंकरपाळ्यांना. म्हणजे दोन्ही पुडे संपवल्याशिवाय गोष्ट पुरी व्हायची नाही. तो पत्रात लिहायचा, ‘शंकरपाळे लवकर संपले, चिवडा उरलाय, त्यामुळे शेवट आधी कळला.’ त्याच्या लेखी माझी ग्रंथपालाची नोकरी तेव्हा कुठे सुरू झाली.

हे एवढं लांबण लावलं ते यासाठी की तुम्ही माझ्याकडे यादी मागताय आणि मी ती देणार नाही. ‘वाचलीच पाहिजेत अशी पन्नास पुस्तकं’ छापाच्या याद्या ढिगानं मिळतात आणि त्यातली निम्मी उशाखालीच जातात. तुम्हाला यादी नको, एक माणूस हवा. नागपुरात बसून तुमच्यासाठी निवड करणारा, तुम्ही काय वाचलं आणि काय टाकून दिलं हे ऐकून पुढची निवड सुधारणारा. बायकोच का, बहीण चालेल, जुने मराठीचे मास्तर चालतील, एखादा मित्र चालेल. पण एकच. चौघांनी मिळून निवडलं की शेवटी यशस्वी कसं व्हायचं याचंच पुस्तक येतं.

वहिनींना सांगा, झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात एक चक्कर मारा. ही संस्था 1923 ची, शंभरी ओलांडलेली. मानेवाड्याहून ते लांब पडत असेल तर घराजवळच्या कुठल्याही वाचनालयात नाव नोंदवा. तिथलं पुस्तक परदेशी पाठवायचं नाही, ते परत द्यायचं असतं. ते आणून आधी त्यांनी वाचायचं. जे त्यांना खाली ठेववलं नाही, तेवढंच विकत घेऊन तुम्हाला पाठवायचं. पैसे वाचतील. शिवाय घरात दुसरं वाचणारं माणूस तयार होईल आणि फोनवर ‘जेवलास का, जेवले’ याच्यापुढे बोलायला काही उरेल.

आता तुमच्या मिटणाऱ्या डोळ्यांबद्दल. त्यात तुमच्या आवडीचा दोष नाही. रात्रीची पहाऱ्याची ड्यूटी करून आलेल्या माणसाला चारशे पानांची कादंबरी देणं म्हणजे उपाशी माणसाला कच्ची तूरडाळ देण्यासारखं आहे. वेळ पाहून वाचन निवडा. ड्यूटीनंतर अर्धा तास झापड असते, तेव्हा दोन-तीन पानांत संपेल असंच हवं: विनोदी लेख, व्यक्तिचित्र, लोकांच्या आठवणी, कविता. सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवणाआधी, एखादी मोठी गोष्ट. झोप येत नसेल त्या रात्री नवं काही उघडूच नका. जुनं, एकदा वाचलेलं वाचा. शेवट ठाऊक असलेली गोष्ट रात्री मन शांत ठेवते. लहानपणी आजीला तीच ती गोष्ट पुन्हा का सांगायला लावायचो, ते आठवा.

अन् चार पानांवर झोप आली तर झोपा. दुसऱ्या दिवशी पाचवं पान.

फोनबद्दल आधी एक कडक सूचना. 2020 साली लष्करानं जवानांना 89 अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती, फेसबुक-इन्स्टाग्राम धरून. नियम बदलत राहतात आणि मोहिमेवर ते अधिकच कडक असतात. तेव्हा पुस्तकांचं कुठलंही अ‍ॅप टाकण्याआधी, मेमरी कार्ड किंवा वाचनाचं वेगळं यंत्र मागवण्याआधी, साहेबांना विचारा. मी इथून ‘हे अ‍ॅप छान आहे’ म्हणणार आणि तुम्ही तिकडे उत्तर देत बसणार, असं व्हायला नको. वाचकांच्या ऑनलाइन गटांत स्वतःचं नाव, पलटण, फोटो टाकून गप्पा मारणं तर नकोच.

परवानगी मिळाली तर फुकट आणि कायदेशीर मराठी वाचन भरपूर आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. म्हणून 1950 साली गेलेले साने गुरुजी खुले आहेत. 1919 साली गेलेले राम गणेश गडकरीही खुले आहेत. गडकरी गेले ते तुमच्या शेजारच्या तालुक्यात, सावनेरला. (काटोलच्या माणसानं निदान एवढ्यासाठी तरी गडकरी चाखावेत. पण नाटकांपासून सुरुवात करू नका, भाषा जड जाईल. विनोदी लेख घ्या, एका बैठकीत एकच.) मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर असं जुनं साहित्य मिळतं. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीनं फुकट देतं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनंही त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

यात एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात. फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि एकेक फाइल तीस-चाळीस एमबीची. तुमच्या नेटवर ती रात्रभर उतरत राहील आणि पहाटे अडकेल. त्याऐवजी ईपब घ्या. त्यात नुसती अक्षरं असतात, हवी तेवढी मोठी होतात, ओळ आपोआप वळते, आणि बहुतेक पुस्तकं एखाद्या एमबीत बसतात. विकिस्रोतावर पुस्तक ईपब म्हणून उतरवायची सोय आहे. वहिनींनी ते घरच्या वायफायवर उतरवून, उघडून, दोन पानं वाचून पाहावं आणि मगच तुम्हाला पाठवावं. अर्धवट फाइल इतक्या दूर पाठवण्यासारखा वैताग नाही.

एकच पुस्तक नावानं सांगते, कारण ते तुमच्या परिस्थितीतल्या माणसाचं आहे: गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. कोकणातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं म्हणून 1857 साली चुलत्याबरोबर निघाला, आणि नेमका बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत होता. मिळवलेला पैसा लुटला गेला. शेवटी घरी आणली ती आईबापांसाठी गंगेची कावड. पुस्तक 1907 साली छापलं गेलं, आता सर्वांसाठी खुलं आहे. लढाईची वर्णनं त्यात आहेतच, पण पैशासाठी घर सोडलेल्या माणसाला रात्री काय आठवतं, तेही आहे. सुरुवातीची काही पानं भाषा अडेल. दहाव्या पानानंतर तुम्हीच मला सांगाल.

मराठी विश्वकोश संपूर्ण संकेतस्थळावर आहे, फुकट. लोकांना वाटतं तो अभ्यासकांसाठी. माझ्या मते पहाऱ्याहून आलेल्या माणसासाठी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. एक नोंद दहा मिनिटांत संपते आणि दुसरीकडे बोट दाखवते. ‘नाईल’पासून सुरुवात करा. तुमच्याकडे पावसाळ्यात रस्ते बंद होतात आणि गाड्या रुततात, ते कशामुळे? तीच आपली काळी कापसाची माती, ओली झाली की फुगून चिकटणारी. काटोलच्या शेतात बैलगाडी रुतते तेव्हा शिवी देता, तिलाच तिथे जाऊन भेटलात. दक्षिण सुदानातला सुद्द नावाचा दलदलीचा प्रदेश जगातल्या सर्वांत मोठ्या पाणथळींपैकी एक आहे. बुटासारख्या चोचीचा एक अजब, माणसाच्या कमरेपेक्षा उंच पक्षी तिथं राहतो. असं काही वाचलं की गस्तीवरच्या त्याच त्या वाटेवर नजर वेगळी पडते. आपले मारुती चितमपल्ली छत्तीस वर्षं वनखात्यात होते. त्यांचं लेखन घरून जरूर मागवा, एक तरी. जंगलात एकट्यानं नोकरी करत असताना आजूबाजूच्या गोष्टींची नावं शिकत गेलेला माणूस तो. तुम्हाला त्याची सोबत होईल.

कागदावरचं वाचन मात्र हवंच. फोन हातात असला की बोट रीलकडे जाणार, माझंही जातं.

त्यासाठी दोन मोसम आहेत. पहिला दसरा. वहिनींनी मुलीला घेऊन दीक्षाभूमीवर जावं. 1956 नंतर दरवर्षी त्या दिवसांत तिथं लाखो लोक येतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं नेतात. चरित्रं, भाषणं, गाणी, कायद्याची माहिती, कविता. सगळं पातळ, हलकं, दहा-वीस-पन्नास रुपयांचं, वर्दीच्या खिशात मावेल असं. नागपूरच्या पुस्तकप्रेमाबद्दल शंका असलेल्यानं त्या दिवशी तिथले स्टॉल बघावेत. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, तुमच्यासारखेच फौजी. लष्करी शाळेत मास्तर होते. मुलाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने आणायचे आणि पेन्शन आली की फेडायचे. तिथून आणलेली पाच-सहा पुस्तकं मिळून एका जाड कादंबरीएवढं वजन होत नाही.

दुसरा मोसम दिवाळी अंकांचा. पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’नं 1909 साली काढला. त्याच वर्षी जवानांसाठी ‘फौजी अखबार’ सुरू झाला. तोच 1954 पासून ‘सैनिक समाचार’. तो तेरा भाषांत निघतो, मराठीतही. तुमच्याकडे हिंदी किंवा इंग्रजी येत असेल तर मराठी मागून पाहा, मागितल्याशिवाय कोण देतो? पण खरी मजा दिवाळी अंकांची. कथा, कविता, लेख, मुलाखत, भविष्य, व्यंगचित्रं, आणि एक नाही आवडलं तर पान उलटा. दिवाळी उलटून गेली की बर्डीवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे हेच अंक निम्म्या किमतीत पडलेले असतात. त्या अंकांना घाई नाही, तुम्हालाही नाही. जानेवारीत घेतलेले तीन अंक तुम्हाला उरलेली पोस्टिंग पुरतील. पार्सल हलकं करायला जाहिरातींची पानं काढून टाका, असं लिहिणार होते. मग भाऊ आठवला. जाहिराती राहू द्या.

पार्सल तुमच्या पलटणीनं घरच्यांना दिलेल्या पत्त्यावरच पाठवायचं. किती वजन चालेल, किती दिवस लागतील, ते तुमच्याकडच्या टपालाच्या माणसाला विचारा. लष्करी टपाल सेवेचं केंद्र आपल्या कामठीतच आहे. कुणी सांगावं, तो माणूस कामठीचा निघेल आणि सांबारवडीवर तासभर गप्पा होतील.

मुलीबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलात, चौथीत आहे म्हणून. माझ्या मते तुमच्या पत्राचं उत्तर तिच्याकडेच आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट ठेवलेले आहेत. तुमच्या लहानपणीच्या वर्षांतला एक अंक काढा. तोच अंक तिनंही वाचायचा. तिकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा नागपुरात साडेअकरा झालेले असतात. म्हणजे तुम्ही ड्यूटी आणि जेवण उरकून फोन घेता तेव्हा ती झोपलेली. मग तिनं संध्याकाळी एक गोष्ट मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायची. नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग व्हिडिओपेक्षा कितीतरी हलकं असतं, अडखळत्या नेटवरही येतं. ती अडखळेल, ‘ष’चा ‘श’ करेल, मध्येच आईशी भांडेल. ते कापू नका म्हणावं. दुसऱ्या दिवशी पुढची गोष्ट तुम्ही वाचून पाठवायची. चार पानांवर डोळे मिटतात म्हणालात ना? मोठ्यानं वाचताना मिटत नाहीत, करून पाहा. बाकीच्यांना लाज वाटेल असं वाटत असेल तर गाडीत बसून वाचा. पण मला वाटतं दोन दिवसांनी खाटेवरचा शेजारीच विचारेल, पुढे काय झालं म्हणून.

मनोरंजन कक्षातल्या त्या इंग्रजी पुस्तकांना नावं ठेवू नका. एकेकाळी आपल्याच पलटणीतल्या कुणी तरी वाचली असतील. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या जवानांसाठी खिशात मावतील अशी आडवी पुस्तकं छापली, बारा कोटींच्या वर प्रती, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन अक्षरशः फाटली. तुम्हीही जाताना मराठी पुस्तकं परत आणू नका. पहिल्या पानावर ‘काटोल’ एवढंच लिहून तिथंच फळीवर ठेवा. पुढच्या तुकडीत कुणी वऱ्हाडातला असेलच.

ती दोन पुस्तकं उशाखालून काढायची घाई नाही. स्पर्धा परीक्षेचं मात्र सांभाळून ठेवा, वहिनींनी स्वतः परीक्षा द्यायची म्हणून घेतलं असेल तर? एकदा विचारून पाहा त्यांना. आणि पहिलं पार्सल पोचलं की मला कळवा, चिवडा कोणत्या कागदात बांधला होता तेवढं लिहा.